जुन्या फोर-के टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पाच-सहा वर्षांपूर्वीच्या स्मार्ट टीव्हीचं पॅनेल सहसा ठणठणीत असतं, पण आतलं सॉफ्टवेअर थकलेलं असतं. ॲप उघडायला वेळ लागतो, मधेच बंद पडतं आणि काही ॲप्सना अपडेट मिळणंच थांबतं. तेवढ्यासाठी टीव्ही बदलण्यापेक्षा मागे फोर-के स्टिक (एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारं आणि ओटीटी ॲप्स चालवणारं छोटं यंत्र, उदाहरणार्थ फायर टीव्ही किंवा गुगल टीव्ही) लावणं कधीही स्वस्त. हा अनुभव ४३ इंची, ६० हर्ट्झच्या, मध्यम दर्जाच्या पॅनेलवरचा आहे. महागड्या ओलेड पडद्यावर काही मुद्दे लागू होणार नाहीत.

स्टिक वेगवान आहे की नाही हे पहिल्या आठवड्यातच कळतं. पुढच्या महिन्यांत कळतं ते असं, की चित्र अडकतं, काळोखं दिसतं, संवाद ऐकू येत नाहीत या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेकदा ॲपमध्ये नसतं. ते असतं जोडणीत आणि सेटिंगमध्ये, आणि स्टिक डब्यातून निघते तेव्हा ही सेटिंग्ज बरीचशी चुकीचीच असतात.

सुरुवात विजेपासून. टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून स्टिकला वीज दिली की एक वायर वाचते, म्हणून बहुतेक जण तेच करतात. यूएसबी २.० पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, स्टिकसोबत येणारा अडॅप्टर मात्र सहसा ५ व्होल्ट, किमान १ अँपिअरचा असतो. मेनू फिरवताना फरक कळत नाही. फोर-के सिनेमा सुरू झाला, वाय-फाय आणि व्हिडिओ डिकोडर (आलेल्या डेटाचं चित्र करणारा भाग) एकाच वेळी जोरात चालू लागले, की ऐन रंगात स्टिक रीस्टार्ट होते. शिवाय टीव्ही बंद केला की बरेचसे यूएसबी पोर्टही बंद होतात, त्यामुळे रोज संध्याकाळी स्टिक पहिल्यापासून बूट होते आणि रात्रीचे अपडेट राहून जातात. सोबतचा अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावावा. डब्यात एचडीएमआयची छोटी एक्स्टेंडर वायर असेल तर तीही वापरावी. टीव्हीच्या पाठीला चिकटलेल्या स्टिकला वाय-फाय कमी मिळतं आणि एप्रिल-मे महिन्यात ती तापते.

एचडीएमआयचे सगळे पोर्ट सारखे नसतात. जुन्या फोर-के टीव्हीत पूर्ण क्षमतेचा पोर्ट एखादाच असतो, आणि त्यावरही एचडीआर (उजेड-काळोखाचा जास्त पल्ला दाखवणारं चित्र) आपोआप चालू नसतं. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ अशा नावाने ते सेटिंग सापडतं. ते त्या पोर्टपुरतं चालू करावं लागतं. मधे जुना स्प्लिटर (एका एचडीएमआयचे दोन फाटे करणारा डबा) किंवा साऊंडबार असेल आणि त्याला एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी सुरक्षा) जमत नसेल, तर फोर-के मिळत नाही. चित्र १०८०पीवर (फुल एचडीवर) येतं नाहीतर थेट काळा पडदा दिसतो.

टीव्हीचं इन्फो बटण दाबल्यावर ३८४०×२१६० असं दिसलं म्हणजे सिनेमा फोर-के आहे असं समजू नये. ते स्टिकचं आउटपुट असतं. आलेलं ७२०पी चित्रसुद्धा ती ताणून फोर-के म्हणून पुढे पाठवते. खरी मर्यादा प्लॅनची असते. नेटफ्लिक्सचे २०२१च्या डिसेंबरातल्या दरकपातीनंतरचे आकडे घ्या: १४९ रुपयांत ४८०पी आणि तेही फक्त मोबाइल-टॅबवर, १९९मध्ये सुरुवातीला ४८०पी आणि पुढे ७२०पी, ४९९मध्ये १०८०पी आणि फोर-के फक्त ६४९मध्ये. ४३ इंचावर, नऊ-दहा फुटांवरून पाहताना १०८०पी आणि फोर-के यांतला फरक बारीक असतो. १९९ आणि ४९९मधला मात्र पहिल्याच काळोख्या प्रसंगात दिसतो. अशा टीव्हीसाठी ६४९ देण्यात फारसा अर्थ नाही.

वेगाचं गणित सोपं आहे. नेटफ्लिक्स १०८०पीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं. घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन असूनही चित्र अडकत असेल, तर मोबाइलवर नाही, स्टिकवरच वेग मोजावा. हॉलच्या कोपऱ्यातला राउटर आणि बेडरूममधला टीव्ही यांच्यामध्ये दोन भिंती असल्या तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय तिथे पोचेपर्यंत दमतं, आणि २.४ गिगाहर्ट्झवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर आणि खुद्द स्टिकचा ब्लूटूथ रिमोट यांची गर्दी असते. इथरनेट अडॅप्टर (राउटरची वायर थेट स्टिकला जोडणारा) लावला की प्रश्न मिटतो. तो १०० एमबीपीएसचाच असतो, पण १५ची गरज असताना पुरून उरतो. डेटाचं म्हणाल तर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत लागतो. ब्रॉडबँडवर हे जाणवत नाही. गावी मोबाइल हॉटस्पॉटवर पाहायचं तर दिवसाचा २ जीबीचा पॅक अर्ध्या सिनेमातच संपतो. तिथे आधी मोबाइलवर डाउनलोड करून नेलेलं बरं.

आता फ्रेम रेट. हे सेटिंग कुणीच सांगत नाही आणि फरक मात्र सगळ्यात जास्त याच्यामुळे पडतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही ६० वेळा चित्र बदलतो. २४ने ६०ला भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा अशी आलटूनपालटून दाखवली जाते. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरतो तेव्हा चित्र हलकेच ठेचकाळतं, ते यामुळे. आपल्याकडच्या मालिका २५ फ्रेमच्या असतात, त्यांचं ६०शी गणित आणखीच बिघडतं. तपासायचं असेल तर शेवटी वर सरकणारी श्रेयनामावली पाहावी. अक्षरं थरथरत वर गेली तर फ्रेम रेट जुळलेला नाही. फायर टीव्हीत सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साऊंड्स, डिस्प्ले या वाटेने जाऊन ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू करावं. गुगल टीव्हीत ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ असतं. मात्र ही सोय प्रत्येक ॲप वापरतंच असं नाही. चालू केल्यावर सिनेमा सुरू होताना आणि संपताना पडदा क्षण-दोन क्षण काळा होतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘टीव्ही गेला’ म्हणून हाक येईल.

फायर टीव्हीच्या त्याच डिस्प्ले मेनूत डायनॅमिक रेंज ‘ॲडॅप्टिव्ह’वर ठेवावी. ‘ऑलवेज एचडीआर’वर ठेवलं की साध्या मालिकासुद्धा बळजबरीने एचडीआर होतात आणि चेहरे राखाडी दिसू लागतात. आणि टीव्हीच्या बाजूने मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद, म्हणजे बंदच! टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावावा, त्याने स्मूदिंग आपोआप बंद होतं. डॉल्बी व्हिजनचा (एचडीआरचाच एक प्रकार) उदोउदो फार होतो, पण कमी उजेडाच्या पॅनेलवर दिवसा पडदे उघडे ठेवून पाहिलं तर काळोखाखेरीज काही दिसत नाही. ‘डार्क’ऐवजी ‘ब्राइट’ निवडलं तर थोडं सावरतं; तरीही नाही जमलं तर एचडीआर बंद करून पाहावं. स्वस्त पॅनेलवर एचडीआर नसलेलं साधं (एसडीआर) चित्र अनेकदा जास्त चांगलं दिसतं.

संवाद ऐकू न येणं ही वेगळी गोष्ट. नव्या सिनेमांचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो: कुजबुज अगदी बारीक, स्फोट कानठळ्या बसवणारा. ५.१मध्ये (पाच स्पीकर आणि एक वूफर अशा सराऊंड आवाजात) संवाद मधल्या स्पीकरचे असतात. टीव्हीच्या दोनच, तेही खाली तोंड असलेल्या स्पीकरांतून ते पार्श्वसंगीतात बुडतात, वर सिलिंग फॅनची घरघर. साऊंडबार नसेल तर स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये सराऊंड ‘पीसीएम’वर (साध्या स्टिरिओ आवाजावर) ठेवावं आणि ॲपमध्ये स्टिरिओ ट्रॅक असेल तर तोच निवडावा. टीव्हीत नाइट मोड असेल तर रात्री तो लावावा, त्याने मोठे आवाज दबतात. प्राइमवर काही शीर्षकांना ‘डायलॉग बूस्ट’ (संवाद उठावदार करणारी सोय) आहे, पण मराठीत ते मिळेल या आशेवर राहू नये. साऊंडबार एआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय पोर्टवर) जोडल्यावर ओठ आणि शब्द जुळत नसतील तर फायर टीव्हीच्या ‘एव्ही सिंक ट्यूनिंग’मध्ये दोन मिनिटांत काम होतं.

आता पाहायचं काय आणि कुठे. हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्सच्या आठ आठवड्यांच्या अटीमुळे साधारण दोन महिन्यांनी घरी येतो. तमिळ-तेलुगू सिनेमे अनेकदा चारच आठवड्यांत येतात, आणि म्हणूनच त्यांच्या हिंदी डबला मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या स्क्रीन देत नाहीत. मराठीचं वेळापत्रक असं काही नाही. मालिकांचं तरी ठरलेलं आहे: झी मराठी झी५वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. सिनेमा कुठे आहे हे शोधायला जस्टवॉच ही वेबसाइट बरी पडते. रिमोटवर बोलून शोधताना मराठी नावाचं हिंदी होतं, तेव्हा रोमन अक्षरांत टाइप करणं जास्त खात्रीचं.

सगळी सबस्क्रिप्शनं एकदम चालू ठेवायची गरज नाही. आठवड्याला एक भाग येणारी सीरिज असेल तर शेवटचा भाग येईपर्यंत थांबावं, मग एक महिना घेऊन सगळी पाहावी आणि बंद करावं. नेटफ्लिक्स बंद केल्यावरही पाहिल्याची नोंद १० महिने राहते, परत आल्यावर पुढून सुरू होतं. बंद करताना ॲपमध्ये रद्द केलंत तरी यूपीआय ॲपमधलं ऑटोपे मँडेटही (दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी) तपासावं. पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येणं बंधनकारक आहे. ती जाहिरातीच्या मेसेजांत हरवू देऊ नका. प्राइमचे वर्षाचे १४९९ रुपये मोजूनही १७ जून २०२५पासून जाहिराती दिसतात. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. ज्यांना रोज काहीतरी पाहायचं असतं त्यांनी द्यावेत. महिन्याला दोन सिनेमे पाहणाऱ्याने जाहिराती सोसाव्यात.

भाड्याने सिनेमा घेतला तर सुरू करायला ३० दिवस असतात, पण एकदा प्ले दाबलं की ४८ तासांत संपवावा लागतो. शुक्रवारी रात्री उशिरा अर्धा तास ‘बघू तरी’ म्हणून लावला आणि उरलेला रविवारी रात्री जेवणानंतर पाहायचा बेत असेल, तर घड्याळ बघून बसा. तीन तासांचा सिनेमा असेल तर शनिवारी दुपारीच हात घातलेला बरा.