वाइज घ्यावं का स्फीअरएक्स? एमएस्सी प्रोजेक्टवाल्यांसाठी

परभणी-नांदेडकडची दोन-तीन पोरं एकच विचारायलेत, इन्फ्रारेड आकाशाच्या डेटावर प्रोजेक्ट करायचंय तर जुनं वाइज घेऊ का नवीन स्फीअरएक्स (दोन्ही नासाच्या अंतराळातल्या दुर्बिणी). आधीच सांगतो, हातात सहा महिने अन् एकच लॅपटॉप असंल तर वाइज.

मे महिन्यात रात्री अकराला गच्चीवर अंथरूण टाकायला गेलं की फरशी भाजती ना, डोळ्याला काही दिसत नाही पण तळपायाला बरोबर कळतंय, ते इन्फ्रारेड. लघुग्रह, धूळ, विझत चाललेले गार तारे, सगळ्यांचं असंच. पण दुर्बीण स्वतःच तापलेली असली तर तिला स्वतःचीच धग दिसणार, म्हणून वर पाठवून गार ठेवावी लागती.

वाइज डिसेंबर 2009 ला गेलं, आरसा फक्त 40 सेंमीचा, बँड, म्हणजे तरंगलांबीचे पट्टे, चार: 3.4, 4.6, 12 अन् 22 मायक्रॉन. गारव्यासाठी गोठवलेला हायड्रोजन होता, तो 2010 मधीच संपला (उन्हाळ्यातल्या टँकरसारखं, आला म्हणेपर्यंत रिकामा), मग 12 अन् 22 चे दोन बँड गेले, 2011 ला झोपवलं, 2013 ला निओवाइज नावानं उठवलं अन् उरलेल्या दोन बँडवर ते पार जुलै 2024 पर्यंत चाललं. दर सहा महिन्याला अख्खं आकाश, म्हणजे एकाच जागेचे वीसच्या वर फोटो झाले, अन् खरी मजा तिथंच आहे, कारण जे सरकतंय ते पकडता येतं. फक्त साडेसहा प्रकाशवर्षांवरची लुमन 16 ही तपकिरी बटूंची (तारा व्हायला वजन कमी पडलेल्या गार गोळ्यांची) जोडी 2013 ला याच डेटात सापडली, इतक्या जवळ असून तोवर कुणाला पत्ता नव्हता. 2020 च्या जुलैत गाजलेला निओवाइज धूमकेतू पण यानंच शोधलेला, आमच्या इथं ढगांनी दिसू दिला नाही ते सोडा.

स्फीअरएक्स मार्च 2025 ला गेलं. आरसा अजून लहान, 20 सेंमी, गॅस-बिस काही नाही, एकात एक तीन शंकूंच्या आडोशानंच गार राहतंय, त्यामुळं संपायचं टेन्शन नाही. ते पण सहा महिन्यात आकाश उरकतं, पण 0.75 ते 5 मायक्रॉनमधी तब्बल 102 रंगांत. म्हणजे वाइज सांगतं तिथं काहीतरी गरम आहे, हे सांगतं ते कशाचं आहे, पाण्याचा बर्फ का कार्बन डायऑक्साइड. डेटा साधारण 60 दिवसांत सगळ्यांना फुकट मिळतो. लई भारी आहे, पण एका ताऱ्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या रंगात किती प्रकाश ते) काढायचा तर कितीतरी फोटोंतून तुकडे जमवत बसावं लागतं, अन् तेवढ्या फायली मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायच्या म्हणल्यावर गाइड सही करायच्या आधीच रिचार्ज संपतोय.

1983 च्या आयरास या जुन्या इन्फ्रारेड दुर्बिणीचं पण कुणीतरी विचारलं. इतिहासाच्या चॅप्टरला ठीक आहे, प्रोजेक्टला नको.

बर्फ, रेणू असलंच काही डोक्यात असंल अन् पायथन हाताला बसलेलं असंल तर बिनधास्त स्फीअरएक्स घे. ताऱ्याभोवतीची कोमट धूळ शोधायची तर वाइजचा 2010 मधला 22 मायक्रॉनचा डेटाच लागतो, स्फीअरएक्स तिथवर पोचतच नाही. अन् सरकणारे बटू बघायचे तर ब्राउझरमधी वाइजव्ह्यू (वाइजचे फोटो एकामागून एक दाखवणारी साइट) उघड, लुमन 16 चे आकाशातले निर्देशांक टाक अन् ठिपका सरकताना बघ. डाउनलोड काहीच नाही, लाइट जायच्या आत होतंय.