डोकेदुखीच्या गोळ्या: काही महिने वापरल्यावर

माझी डोकेदुखी दोन जातींची. एक संध्याकाळची: दोन्ही कानशिलं आवळलेली, मान आखडलेली, पण काम रेटता येतं. दुसरी अर्धशिशी: एकाच बाजूला ठणके, उजेड नको, आवाज नको, वर मळमळ. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांतली कुठली कशाला लागू पडते हे बघायचं म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी मी कॅलेंडरवर वेळेसकट लिहीत गेले.

संध्याकाळच्या दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं. ५०० मिलिग्रॅमच्या दोन घेतल्या की तासाभरात आवळ सैल होतो. पोटाला सहसा त्रास नाही, त्यामुळे लोक ती बिनधास्त घेतात. पण तिचा धोका यकृताला. धडधाकट प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या, आणि दोन डोसांत निदान चार तास. दारू पिणाऱ्यांनी किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच. मर्यादा ओलांडली जाते ती बहुतेकदा नकळत, कारण सर्दी-तापाच्या कितीतरी मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं. त्यात पट्टी कापून चार गोळ्या घेतल्या की घटकांची नावं आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. मी आता अख्खी पट्टीच घेते.

अर्धशिशीला मात्र पॅरासिटामॉल माझ्यापुरतं फुसकं. तिथे आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम कामाला आलं, तेही वेळ साधली तरच. अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं, गोळी पोटात पडून राहते. ठणका सुरू होताहोता घेतली तर दुपार वाचते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं आलंच. कॅलेंडरवर हा फरक इतका ठळक दिसतो की गोळी कुठली यापेक्षा ती कधी घेतली हेच मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं. आयबुप्रोफेनने जळजळ होते, म्हणून काहीतरी खाऊनच घ्यावी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, गरोदरपण यांत ती विचारल्याशिवाय नकोच; दमेकऱ्यांपैकी काहींना तिने धाप लागते.

कॅफीन घातलेल्या गोळ्या थोड्या जास्त लागू पडतात हे खरं. पण रात्री घेतली की डोकं उतरतं आणि झोपही उडते.

मधल्या एका महिन्यात कॅलेंडरवरच्या खुणा दाट व्हायला लागल्या. डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी आधी कॅलेंडरच मागितलं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस आणि मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी त्या रेषेच्या अलीकडे होते. तरी त्यांनी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नको असं बजावलं आणि अर्धशिशी येऊच नये म्हणून रोजचं वेगळं औषध सुरू केलं. एकाएकी भयंकर डोकं उठलं, तापासोबत मान ताठ झाली, बोलणं अडखळलं किंवा हातापायातलं बळ गेलं, तर गोळी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा, हेही त्यांनी सांगितलं.

सध्या आयबुप्रोफेन पर्समध्ये असते, पॅरासिटामॉल घरी. कॅफीनवाली पट्टी संपल्यावर पुन्हा आणली नाही.