पाउच, ट्रे की टॉपर? लहान कुत्र्याच्या ओल्या खाण्याचा हिशोब

चिंगीचं पाउच मी एकदा चहाच्या गाळण्यातून गाळलं. हसू नका. ८० ग्रॅमचं पाउच, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि खाली वाटी. दहा मिनिटांनी गाळण्यात ४३ ग्रॅम तुकडे उरले, वाटीत ३४ ग्रॅम रस्सा जमला आणि उरलेला पाउचच्या कोपऱ्यांना चिकटून राहिला. चिंगी, म्हणजे आमची ५ किलोची पॉमेरेनियन, हे सगळं शेपटी आपटत बघत होती.

निमित्त होतं शेजारच्या वहिनींचं. त्यांच्याकडे शिह त्झू जातीचा कुत्रा आलाय, तो दाण्यांना (म्हणजे कुत्र्याच्या कोरड्या खाण्याला) तोंड लावत नाही, आणि दुकानातल्या फळीसमोर उभं राहून त्यांनी मला फोन केला: "यातलं कुठलं घेऊ?" फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हा आढावा.

फळीवर साधारण तीन प्रकार असतात. रस्सा आणि तुकडे असलेलं पाउच, लगद्यासारखा पॅटे भरलेला ट्रे, आणि जेवणावर घालायचा, चिकनचे धागे दिसणारा टॉपर. तुलनेला घरचे कोरडे दाणेही घेतले. आकडे माझ्या हाताशी असलेल्या पाकिटांवरचे. तुमच्या पाकिटावर थोडे इकडेतिकडे असतील. कॅलरी मी हिशोबाने काढल्या आहेत, रीत पुढे आहे.

| | रस्सा-तुकडे | पॅटे | टॉपर | कोरडे दाणे |
|---|---|---|---|---|
| छापील प्रोटीन (%) | ८ | १० | १२ | २६ |
| छापील फॅट (%) | ३ | ६ | १ | १२ |
| पाणी (%) | ८३ | ७८ | ८५ | १० |
| पाणी वगळून प्रोटीन (%) | ४७ | ४५ | ८० | २९ |
| पाणी वगळून फॅट (%) | १८ | २७ | ७ | १३ |
| १०० ग्रॅममधल्या कॅलरी | ६४ | ९५ | ५२ | ३३७ |

वहिनी पहिल्या ओळीवरच अडकल्या होत्या. "दाण्यांत २६ आणि यात नुसते ८? मग पैसे कशाचे?" पण ८ टक्के हे पाण्यासकट आहेत. पाउचमध्ये ८३ टक्के पाणी, म्हणजे घन भाग १७. आठाला सतराने भागायचं आणि शंभराने गुणायचं: ४७. आता तुलना दाण्यांच्या २९ शी. अमेरिकेतली आफ्को (AAFCO) ही प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणारी संस्था प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ आणि पिल्लासाठी २२.५ टक्के प्रोटीन सांगते, तेही पाणी वगळूनच. त्यामुळे प्रोटीनच्या बाबतीत या चौघांपैकी कुणीच नापास नाही.

घोळ दुसरीकडे आहे. पाकिटावर 'क्रूड प्रोटीन' लिहितात. प्रयोगशाळेत त्यासाठी नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नायट्रोजन कोंबडीतून आला की गव्हातून, हे त्या आकड्याला कळत नाही. २००७ मध्ये याच फटीतून मोठा अपघात झाला. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातलं चिकट प्रोटीन) आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन हे प्लॅस्टिकसाठी वापरतात ते रसायन मिसळलेलं होतं, कारण मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि कॅनडातल्या मेन्यू फूड्सला ६ कोटींहून अधिक डबे आणि पाउच परत बोलवावे लागले. त्यातले बरेचसे रस्सा-तुकड्यांचेच होते. कारण ग्लुटेन तिथेच लागतं: मांसाचा लगदा आणि ग्लुटेन मिळून असा तुकडा पडतो, जो आपल्याला मटणासारखा दिसतो. गाळण्यातल्या त्या ४३ ग्रॅमपैकी एक तुकडा मी बोटांनी दाबला तर तो सोया चंक्ससारखा स्पंजी दबला. धागा सुटला नाही. म्हणून ग्लुटेन वाईट असं नाही, बहुतेक कुत्र्यांना ते पचतं. फक्त तुकडा दिसला की मांसच असणार हे गृहीत धरू नका.

घटकांची यादी वाचताना आणखी एक लक्षात ठेवा. ती कच्च्या वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे 'चिकन' पहिल्या क्रमांकावर येणं वाटतं तितकं ग्रेट नाही. नावातही चलाखी असते. अमेरिकी नियमात 'विथ चिकन' लिहायला ३ टक्के चिकन पुरतं, 'चिकन डिनर' म्हणायला २५ टक्के लागतं. परदेशी डबा घेणार असाल तर हा फरक किमतीपेक्षा मोठा आहे.

'मीट बाय-प्रॉडक्ट्स' वाचून मात्र नाक मुरडू नका. त्यात काळीज, फुप्फुस, वजडी असं असतं. कलेजी आणि वजडीवर ताव मारणाऱ्या घरात कुत्र्याने तेवढं सोवळं का पाळावं? माझी तक्रार असलीच तर ती कुठल्या प्राण्याचं ते न लिहिण्याबद्दल आहे. कुत्र्याला एखाद्या मांसाची ॲलर्जी असेल तर नुसतं 'मीट' वाचून काहीच कळत नाही. यादीच्या शेवटी ग्वार गम दिसेल. तो आपल्या गवारीच्या बियांचाच, रस्सा दाट करायला. घाबरण्यासारखं काही नाही.

आता टॉपर. यादी सगळ्यात देखणी: चिकन, चिकनचं पाणी, लाल भोपळा. बस. ८० टक्के प्रोटीन बघून वहिनींनी तोच उचलला होता, आणि नेमका तोच रोजच्या जेवणाला चालत नाही. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. 'कॉम्प्लिमेंटरी' असं असेल तर ते तोंडी लावणं आहे. 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असेल तरच ते जेवण, आणि तिथेही प्रौढासाठी की पिल्लासाठी ते बघायचं. (आफ्को स्वतः कुठलंही खाणं तपासून पास करत नाही. पाकिटावर 'आफ्को प्रमाणित' असं कुणी मिरवत असेल तर सावध व्हा.) टॉपरमध्ये कॅल्शियम जवळजवळ नसतं. १०० ग्रॅम शिजवलेल्या बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम १५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि फॉस्फरस दोनशेच्या वर. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. महिनोन्‌महिने असं चाललं तर शरीर ते हाडांतून काढून घेतं, पिल्लांत तर फारच लवकर. घरच्या चिकन-भातालाही हेच लागू आहे, आणि हे ऐकून आमच्या सासूबाई अजून माझ्यावर रुसलेल्या आहेत.

टॉपर, बिस्किटं, पोळीचा तुकडा, सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसवायचं. चिंगीची नसबंदी झालीय, ती दिवसभर घरात लोळते, तिला ३०० कॅलरी पुरतात. म्हणजे ३० कॅलरींचा टॉपर, ७० ग्रॅमचं एक पाउचसुद्धा पूर्ण नाही.

राहिले रस्सा-तुकडे आणि पॅटे. दोन्ही 'कम्प्लीट' मिळतात, पण चालवणार किती? ८० ग्रॅमच्या पाउचमध्ये ५१ कॅलरी. ३०० गाठायला सहा पाउच. आमच्या दुकानात एक ४५ रुपयांना, म्हणजे दिवसाला २७० आणि महिन्याला ८,१००. पॅटेचे १०० ग्रॅमचे तीन ट्रे आणि वर थोडं, ९० रुपयांचा एक, म्हणजे खर्च जवळपास तोच. दाणे ९० ग्रॅम, चाळीसेक रुपये. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्याने हा हिशोब करूच नये.

कॅलरी पाकिटावर नसतील तर अशा काढा: प्रोटीन आणि कार्बचे आकडे प्रत्येकी ३.५ ने गुणा, फॅट ८.५ ने, आणि बेरीज करा. कार्ब सहसा छापत नाहीत. शंभरातून पाणी, प्रोटीन, फॅट, फायबर आणि राख (म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) वजा केली की उरतात ते. राख छापली नसेल तर ओल्या खाण्यात २ धरा.

पॅटेचं माझ्या लेखी एकच पण मोठं वजाबाकीचं कारण म्हणजे फॅट. पाणी वगळून २७ टक्के. मिनिएचर श्नाउझर किंवा यॉर्कशायर टेरियर असेल, किंवा कुत्र्याला आधी कधी स्वादुपिंडाची सूज येऊन गेली असेल, तर पॅटेला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. उलट म्हातारा, दात पडलेला, खायला नखरे करणारा कुत्रा असेल तर पॅटेच बरा: चावावा लागत नाही आणि थोडक्यात पोट भरतं.

वहिनींच्या शिह त्झूचं पारडं मात्र ओल्या खाण्याकडे झुकतं. या जातीला मुतखड्याची खोड असते, आणि पाणी पोटात जायचा याहून सोपा रस्ता नाही. त्यांना मी 'कम्प्लीट' लिहिलेलं रस्सा-तुकड्यांचं पाउच सुचवलं. अर्धं जेवण त्याचं, अर्धं भिजवलेल्या दाण्यांचं. दातांचं म्हणाल तर लहान जबड्यात दात आधीच दाटीवाटीने असतात. दाण्यांनी ते घासून निघतात यावर फार भिस्त नको, ब्रश करावाच लागतो.

चिंगीला आम्ही दोन पाउच आणि ६० ग्रॅम दाणे देतो. ३०० कॅलरी, ११७ रुपये. बदल करायचा तर आठवडाभर हळूहळू, नाहीतर गालिचा धुवावा लागतो. उघडलेलं पाउच डब्यात काढून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. पावसाळ्यात बशीत उरलेलं अर्ध्या तासात उचलते. फ्रिजमधलं थंडगार तिला चालत नाही, म्हणून वाटी गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवावी लागते. तेवढ्या वेळात ती ओट्याखाली येऊन बसते, आणि मी परत गाळणं काढतेय का ते बघत राहते.