ऑनलाइन बंदूक खरेदी: वेबसाइट दुय्यम, एफएफएल महत्त्वाचा

अमेरिकेत बंदूक ऑनलाइन विकत घेता येते, पण दुकानाची पायरी चुकत नाही. पैसे वेबसाइटवर भरायचे, बंदूक तुमच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे जाते, तिथे फॉर्म, तपासणी आणि मग ताबा. या डीलरला सगळे एफएफएलच म्हणतात, फेडरल फायरआर्म्स लायसन्सवरून. लोक किमती ताडून पाहण्यात आठवडा घालवतात आणि एफएफएल मात्र यादीतला सर्वांत जवळचा निवडून मोकळे होतात. पुढचा मनस्ताप बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. म्हणून या परीक्षणात वेबसाइटपेक्षा ट्रान्सफर, म्हणजे बंदुकीचा ताबा तुमच्या नावावर, करून देणाऱ्या दुकानाला जास्त जागा दिली आहे.

ही मधली पायरी १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने आणली. त्याआधी रायफल टपालाने सरळ ग्राहकाच्या पत्त्यावर येत असे. ली हार्वी ऑस्वाल्डने मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या क्लाइन्स या दुकानातून ‘ए. हिडेल’ या खोट्या नावाने कार्कानो रायफल मागवली, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला. ती डॅलसच्या एका पोस्ट बॉक्सवर पोचली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या तिनेच झाली. ओळखपत्र मागणारा आजचा डीलर त्या उणिवेवरचा उपाय आहे. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

‘बाय’ बटण दाबण्यापूर्वी स्वतःची पात्रता तपासा, कारण वेबसाइट ती तपासत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे नॉनइमिग्रंट व्हिसा आहेत आणि त्यांवर राहणाऱ्याला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतली तरी तोही ताबाच. अपवाद थोडे आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. ते डीलरला दाखवावं लागतं, आणि दाखवूनही व्यवहार करायचा की नाही हे शेवटी डीलर ठरवतो. ग्रीन कार्डवाल्यांना खरेदी करता येते, फॉर्मवर ए-नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) लिहावा लागतो. गांजा तुमच्या राज्यात कायदेशीर असला, तरी तो घेणाऱ्याला संघीय कायदा बंदूक घेऊ देत नाही. ही सूचना फॉर्मवरच छापलेली आहे. अपात्र माणसाने ऑर्डर दिली की बंदूक परत जाते, रीस्टॉकिंग फी (माल परत साठ्यात घेण्याचे पैसे) कापली जाते आणि परतीचं कुरियरही त्याच्याच माथी बसतं.

आता वेबसाइट. लिलावाच्या साइट्समध्ये गनब्रोकर सर्वांत परिचित, १९९९ पासूनची. तिथे शेवटच्या १५ मिनिटांत बोली आली की लिलावाची वेळ वाढते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली मारून बाजी मारण्याची युक्ती चालत नाही. नियम चांगला आहे. अडचण अशी की साइट एक असली तरी विक्रेते हजारो, आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. लिस्टिंगमधला फोटो नंतर पाहा, आधी खालचा बारीक मजकूर वाचा: विक्रेता परवानाधारक आहे की खासगी व्यक्ती, कोणत्या राज्यांत पाठवत नाही, क्रेडिट कार्डावर वरकड किती, परत करण्यासाठी तपासणीचे दिवस किती. मोठ्या दुकानांच्या साइट्सवर हे सगळं एकसारखं असतं, म्हणून पहिल्या खरेदीला त्या बऱ्या. दुर्मीळ किंवा बंद झालेलं मॉडेल हवं असेल, तरच लिलावाकडे वळा.

किमतीचा हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत करा. समजा पिस्तूल ५०० डॉलरला आहे. शिपिंग ३०. कार्डाचे ३ टक्के एकूण ५३० वर, म्हणजे १५.९०. एफएफएलची ट्रान्सफर फी ४०. कर सोडून झाले ५८५.९०. हेच पिस्तूल गावातल्या दुकानात ५७५ ला असेल तर ऑनलाइन घेण्यात काहीच राम नाही, शिवाय तिथे ते हातात घेऊन बघता येतं. ट्रान्सफर फी साधारण २५ ते ५० डॉलर असते. काही राज्यांत त्यावर सरकारी शुल्क वेगळं लागतं.

विक्रेता आणि एफएफएल यांच्यातला दुवा म्हणजे एटीएफची, म्हणजे हे परवाने देणाऱ्या संघीय संस्थेची, ‘एफएफएल ईझी चेक’ ही मोफत सेवा. लायसन्सचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की परवाना खरा आहे का, कोणत्या नावावर, कोणत्या पत्त्यावर, कधीपर्यंत, हे लगेच दिसतं. विक्रेत्याने पाठवण्याआधी हे बघणं अपेक्षितच आहे, पण खरेदीदारानेही बघावं. लायसन्सचा क्रमांक वाचायला सोपा असतो. १-५४-०१२-०१-८सी-०१२३४ हा काल्पनिक क्रमांक घ्या. पहिला अंक विभागाचा, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तीन काउंटीचे. ०१ हा परवान्याचा प्रकार, म्हणजे साधा डीलर. ०२ असेल तर गहाणवट घेणारं पॉन शॉप, ०७ असेल तर उत्पादक. ‘८सी’ ही मुदत: आठ म्हणजे २०२८ आणि सी म्हणजे मार्च. महिन्यांची अक्षरं ए पासून एम पर्यंत जातात आणि मधलं आय वगळलेलं असतं, म्हणून ऑगस्टचं एच आणि सप्टेंबरचं जे. शेवटचे पाच अंक त्या परवान्याचे स्वतःचे. ऑर्डर देताना ही मुदत नक्की बघा. महिनाअखेरीस संपणाऱ्या परवान्यावर दूरचा विक्रेता माल पाठवायला कचरतो. वेळेत नूतनीकरणाचा अर्ज केला असेल तर जुन्या परवान्यावर धंदा चालू ठेवता येतो आणि एटीएफ तसं पत्र देते, पण ते पत्र विक्रेत्यापर्यंत पोचवायला डीलरने तत्परता दाखवायला हवी.

ईझी चेक जे सांगत नाही ते फोन करूनच विचारावं लागतं. दुकान बाहेरचे ट्रान्सफर घेतं का? पुष्कळ मोठी स्टोअर्स घेत नाहीत, स्वतःच्या साइटवरून घेतलेलंच देतात. खासगी व्यक्तीने पाठवलेली बंदूक स्वीकारणार का? कायद्याने चालतं, पण अनेक डीलर फक्त दुसऱ्या एफएफएलकडूनच घेतात, आणि मोठ्या कुरियर कंपन्याही खासगी व्यक्तीची बंदूक नेत नाहीत. एकाच वेळी दोन आल्या तर दुसरीची फी कमी का? किती दिवसांनंतर साठवणुकीचे पैसे? तपासणीत ‘डिनाइड’, म्हणजे नकार, आलं तर काय आकारणार? या प्रश्नांची उत्तरं जो डीलर लिहून देतो किंवा दुकानात लावून ठेवतो, त्याच्याकडे दहा डॉलर जास्त गेले तरी जावं. घरातून चालणारे डीलर बहुधा स्वस्त आणि वेळेच्या बाबतीत लवचिक असतात. फक्त आधी वेळ ठरवावी लागते आणि कुरियरच्या वेळी सही करायला घरात मोठं माणूस हवं. आमचा कल छोट्या, ट्रान्सफरचं काम आवडीने करणाऱ्या दुकानाकडे आहे. जिथे ट्रान्सफरच्या ग्राहकाकडे ‘आमच्याकडून का नाही घेतलं’ अशा नजरेने पाहतात, तिथे खोकं आल्याचा फोनसुद्धा उशिरा येतो.

काउंटरवर पहिलं काम खोकं उघडणं. फॉर्म त्यानंतर. पावती, खोक्यावरचं लेबल आणि बंदुकीच्या फ्रेमवरचा सीरियल नंबर, तिन्ही जुळवा. बंदूक रिकामी आहे हे डीलरसमोर पाहून स्लाइड मागे ओढा, सेफ्टी चालवून बघा, चरे आणि गंज बघा, मॅगझिन मोजा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कमध्ये मॅगझिनची मर्यादा १० काडतुसांची, कोलोरॅडोत १५ ची, आणि दूरच्या विक्रेत्याने कारखान्यातलं १७ चं मॅगझिन तसंच टाकलेलं असू शकतं. तक्रार असेल तर सही करण्याआधी करा. ताबा तुमच्या नावावर गेला की ती वापरलेली बंदूक धरली जाते आणि बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. मग उरते फक्त कंपनीची वॉरंटी. तिच्याबद्दल एक दिलासा: दुरुस्तीला पाठवलेली तीच बंदूक कंपनी संघीय कायद्याने थेट तुमच्या घरी परत पाठवू शकते.

काउंटरवर भरायच्या संघीय फॉर्म ४४७३ वर आपल्या नावांचा प्रश्न हमखास येतो. पूर्ण कायदेशीर नाव लागतं, मधलं नावसुद्धा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पासपोर्टवर आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर आहे, ग्रीन कार्डवर तिसरंच काही आहे, ही स्थिती नेहमीची. आधी एकवाक्यता आणा. मधलं नाव कायदेशीरदृष्ट्या नसेलच तर ‘एनएमएन’ लिहितात, फक्त आद्याक्षर हेच नाव असेल तर त्यापुढे ‘आयओ’. पत्ता राहता हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. घर बदललं आणि लायसन्सवर जुना पत्ता राहिला, हे रिकाम्या हाताने परतण्याचं एक नेहमीचं कारण. नवा पत्ता असलेलं दुसरं सरकारी कागदपत्र, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, बरोबर नेलं तर काम होतं. वीजबिल तुम्हाला पुरेसं वाटेल, पण ते सरकारी कागदपत्र आहेच असं नाही.

‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ हा प्रश्न ऑनलाइन व्यवहारात जपून हाताळा. मित्राने पैसे दिले, ऑर्डर तुमच्या नावाने आणि बंदूक त्याच्यासाठी, तर ती स्ट्रॉ परचेस. तो मित्र अपात्र असेल तर २०२२ च्या कायद्यापासून त्याला १५ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. स्वतःच्या पैशांनी खरी भेट देणं वेगळं, ते चालतं, फक्त घेणारी व्यक्ती पात्र हवी. पावतीवर नवऱ्याचं नाव आणि न्यायला बायको, एवढ्यानेही सावध डीलर थांबतो. त्याचं बरोबर आहे. ज्याच्या नावाने ऑर्डर, त्यानेच जावं.

फॉर्मनंतर एनआयसीएस. एफबीआयची ही पार्श्वभूमीची तपासणी ३० नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. काही राज्यं ती स्वतःच्या यंत्रणेतून करतात. उत्तर तीनपैकी एक: प्रोसीड (परवानगी), डिलेड (विलंब), डिनाइड (नकार). डिलेड म्हणजे नकार नव्हे. तुमच्या नावाशी आणि जन्मतारखेशी मिळतंजुळतं रेकॉर्ड सापडलं की असं होतं. कामकाजाचे तीन दिवस उलटूनही उत्तर आलं नाही तर संघीय कायद्याने डीलर बंदूक देऊ शकतो, पण द्यायलाच हवी असं नाही. अनेक दुकानं प्रोसीड आल्याशिवाय देत नाहीत. २१ वर्षांखालच्यांसाठी ही मुदत कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत वाढू शकते. तपासणी ३० दिवस टिकते, त्यानंतर पुन्हा करावी लागते. दर वेळी डिलेड येत असेल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी (तुमची ओळख आणि पात्रता नोंदवून ठेवणारी फाइल) अर्ज करून यूपीआयएन हा ओळख क्रमांक मिळवा आणि पुढच्या फॉर्मवर तो लिहा.

राज्यांचे नियम यावर आणखी थर चढवतात. हँडगन, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, तुमच्या स्वतःच्या राज्यातल्या एफएफएलकडेच घ्यावी लागते. रायफल आणि शॉटगन दोन्ही राज्यांचे कायदे पाळून दुसऱ्या राज्यातही घेता येतात. न्यू जर्सीत रायफल आणि शॉटगनसाठी राज्याचं बंदूक-खरेदीचं आयडी कार्ड हवं, आणि प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट. परमिट हातात येण्याआधी ऑर्डर दिली तर खोकं दुकानात पडून राहतं. इलिनॉयमध्ये एफओआयडी, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियात दहा दिवसांची प्रतीक्षा, हँडगनची मान्य यादी, आणि बाहेरच्या एफएफएलने पाठवण्याआधी घ्यावा लागणारा सीएफएलसी क्रमांक. तो नसेल तर डीलर खोकं परत पाठवतो.

‘मग आपणच लायसन्स काढलं तर?’ हा प्रश्न बरेच विचारतात. प्रकार ०१ चं शुल्क तीन वर्षांचं २०० डॉलर, नूतनीकरणाला ९०. आकडा छोटा आहे, पण हे लायसन्स धंद्यासाठी आहे. स्वतःच्या बंदुका घाऊक दरात मिळाव्यात म्हणून अर्ज केलात तर तो टिकत नाही. वय २१ हवं, फॉर्म ७ या अर्जासोबत प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे बोटांचे ठसे आणि फोटो, अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांना. अर्ज खरा अडकतो तो झोनिंगपाशी, म्हणजे कोणत्या जागेत धंदा चालेल या स्थानिक नियमांपाशी. भाडेकरार किंवा सोसायटीचे नियम घरातून धंदा करू देत नसतील, तर एटीएफचा निरीक्षक मुलाखतीला आला की तिथेच गाडं थांबतं. परिपूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय द्यायचा असा कायदा आहे, अपुऱ्या अर्जाला ती मुदत लागू नाही.

मिळाल्यानंतरचं काम मुख्यतः नोंदींचं. आलेली बंदूक पुढच्या कामकाजाच्या दिवसाअखेर वहीत चढवायची, गेलेली सात दिवसांत. एकाच ग्राहकाने कामकाजाच्या सलग पाच दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर वेगळा अहवाल. चोरी किंवा गहाळ झाल्याचं कळलं की ४८ तासांत कळवायचं. ४४७३ फॉर्म धंदा चालू आहे तोवर जपायचे, आणि धंदा बंद केला की सगळ्या नोंदी वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या केंद्राकडे पाठवायच्या. नुसत्या जुन्या बंदुका जमवणाऱ्याला एवढं सगळं करायची गरज नाही. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या बंदुकांसाठी प्रकार ०३ चं ३० डॉलरचं संग्राहक लायसन्स आहे. त्यावर धंदा करता येत नाही आणि वही मात्र तशीच नीट ठेवावी लागते.