शाहिरीची दोन दिवसांची कार्यशाळा: डफ हाती आला, चौक राहून गेला

पुण्यातील एका सांस्कृतिक संस्थेने जुलैमधील एका शनिवार-रविवारी घेतलेल्या ‘चळवळीसाठी शाहिरी आणि पथनाट्य’ या कार्यशाळेला मी १,८०० रुपये शुल्क भरून गेलो होतो. आमच्या वस्तीतील महिला मंडळाला पाणीप्रश्नावर एक गाणे बसवून हवे होते आणि ते काम, थोडे लिहितो-वाचतो एवढ्या भांडवलावर, माझ्याकडे आले होते.

शनिवारी शिकवायला साताऱ्याकडचे एक ज्येष्ठ शाहीर होते. पावसाळी हवेने डफ सैलावले होते, म्हणून त्यांनी कोणतीही प्रस्तावना न करता शेगडी मागवली आणि आम्हाला डफ शेकायला बसवले; कातडे तापून खणखणीत बोलू लागेपर्यंतचा तो अर्धा तास मला दुसऱ्या दिवशीच्या सर्व व्याख्यानांपेक्षा मोलाचा वाटला. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या भागातील एक तक्रार चार ओळींत बांधायची होती. कसोटी एकच होती: शाहिराने एकदा म्हटलेली ओळ मागच्या झीलकऱ्याला, म्हणजे साथीला सूर धरणाऱ्या गायकाला, जशीच्या तशी उचलता आली पाहिजे. माझा ‘अनियमित पाणीपुरवठा’ झीलकऱ्याच्या तोंडातच अडकला. त्याच्या जागी ‘टँकर आला रात्री दोनला’ अशी ओळ केली, तेव्हा ती पहिल्याच फेरीत सगळ्यांनी उचलली.

दुपारी त्यांनी अण्णा भाऊ साठे यांच्या लोकनाट्याची बांधणी उलगडून दाखवली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या अण्णा भाऊंनी तमाशाचा ओळखीचा साचा ठेवला, परंतु गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आणले आणि त्यानंतर येणारा कृष्ण-गवळणींचा भाग, म्हणजे गवळण, गाळली. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत, म्हणजे लावणीच्या वळणाच्या गाण्यात, पोटासाठी मुंबईत आलेल्या गड्याचा विरह बेळगाव-कारवारपासून तुटलेल्या महाराष्ट्राच्या विरहापर्यंत कसा पोहोचतो, हे शाहिरांनी गाऊनच समजावले. प्रचार आणि कला यांच्या सीमारेषेवर मी आजवर पुष्कळ लेख वाचले आहेत. त्या वीस मिनिटांत तो प्रश्न कोणाला पडलाही नसावा.

रविवार मात्र निस्तेज गेला. पोस्टर रंगवण्याचे सत्र बरे होते, एवढेच. पथनाट्य आम्ही वातानुकूलित सभागृहात एकमेकांसमोरच सादर केले. बाहेर शंभर पावलांवर भाजी मंडई असताना आयोजकांना तेथे जावेसे वाटले नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. रहदारीच्या आवाजावर आवाज कसा चढवायचा, मध्येच उठून जाणाऱ्या माणसाला कसे थांबवायचे, पोलिसांची परवानगी कशी घ्यायची, हे सारे अनुत्तरितच राहिले. परवानगीविषयी विचारले असता ‘ते स्थानिक पातळीवर बघा’ असे उत्तर मिळाले.

याहून मोठी उणीव म्हणजे प्रयोगानंतर काय, याचा विचारच अभ्यासक्रमात नव्हता. स्त्रीमुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर लिखित ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगावी गेले, त्यामागे संघटना होती, समुपदेशन केंद्रे होती आणि नाटक पाहून अस्वस्थ झालेल्या बाईला जायला एक ठिकाण होते. लाल बावटा कलापथकामागेही कामगारांच्या संघटना होत्या. कार्यशाळेने ही उदाहरणे घेतली ती केवळ कलाकृती म्हणून.

तरीही ज्यांच्यामागे एखादे मंडळ किंवा संघटना आधीच उभी आहे, त्यांनी शनिवारसाठी हे शुल्क अवश्य भरावे. डफ मात्र स्वतःचा न्यावा, कारण तीस जणांत आठच डफ होते. आमच्या महिला मंडळाने टँकरचे गाणे क्षेत्रीय कार्यालयासमोर म्हणायचे ठरवले आहे. परवानगीचा अर्ज आम्ही पोलीस चौकीत चौकशी करून, दोनदा खोडून, स्वतःच लिहिला.