दुकानाची पॉलिसी: पाचपैकी तीन तारे, तेही एजंटताईंमुळे

दादरच्या रानडे रोडला लागून असलेल्या गल्लीत आमचं तसबिरींचं दुकान आहे. आरसे, फ्रेमा, देवांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. वडिलांनी काढलं, मी चालवतो. दुकानातला निम्मा माल काचेचा, म्हणून विम्याबद्दल बोलायचा मला इतरांपेक्षा जरा जास्त हक्क आहे, असं मी धरून चालतो. गेली पाच वर्षं एका खासगी कंपनीची दुकानदारांसाठीची पॉलिसी घेतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. या बाबतीत सगळ्यांचे कागद जवळपास एकाच छापाचे असतात.

आधी चांगलं सांगतो. २२ लाखांचा माल-फर्निचर, शिवाय दर्शनी काचेचं वेगळं कव्हर, मिळून वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. दोन वर्षांपूर्वी विसर्जनाच्या रात्री गर्दीचा लोंढा गल्लीत शिरला आणि पुढची काच गेली. सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला, रिकामी चौकट टेपने दोनदा मोजली, फोटो काढले आणि चहाही न घेता गेला. १८ हजारांचं बिल होतं, साडेपंधरा हजार पाचव्या आठवड्यात खात्यात आले. तक्रार नाही.

तारे कापले ते वेगळ्याच कारणाने.

१२ मार्च १९९३ ला मी सव्वीस वर्षांचा होतो आणि काउंटरवर माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा पुठ्ठा, कापत बसलो होतो. त्या दुपारी शहरात बारा स्फोट झाले. आमच्या एका बाजूला सेनाभवनाजवळचा पेट्रोल पंप, दुसऱ्या बाजूला प्लाझा सिनेमा. स्फोट दोन्हीकडे झाले. शोकेसची काच उडाली नाही, दोरी सुटलेल्या पडद्यासारखी उभीच्या उभी खाली बसली. विमा होता, पण फक्त आगीचा, आणि आमच्याकडे आग लागलीच नव्हती. वडिलांनी झाडू हातात घेतला, दुसरं काय करणार. त्या काळातली एखादी सागवानी चौकट आजही उघडली की खाचेतून तांदळाच्या कणीएवढी काच निघते. पुढे १३ जुलै २०११ ला कबुतरखान्याजवळ स्फोट झाला. आमचा फक्त एक आरसा पडला, पण दुसऱ्या दिवशी मी दहशतवादाचं कव्हर मागायला निघालो.

हे कव्हर म्हणजे काय ते बहुतेक दुकानदारांना ठाऊक नसतं. अमेरिकेत ११ सप्टेंबर झाल्यावर जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, दहशतवादाच्या जोखमीतून अंग काढून घेतलं. मग आपल्याकडच्या विमा कंपन्यांनी एप्रिल २००२ मध्ये एक ‘पूल’, म्हणजे सामाईक निधी, केला. त्याचा कारभार जीआयसी री ही सरकारी पुनर्विमा कंपनी बघते, चर्चगेटच्या ‘सुरक्षा’ इमारतीतून. एका जागेसाठी या ‘पूल’ची मर्यादा २००० कोटी आहे. आमच्या फ्रेमा त्यात मावतील! प्रीमियममध्ये याचा वाटा दोनशे रुपयांच्याही आत. चौदा वर्षं मी ते दोनशे रुपये निर्धास्तपणे भरले.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना मारलं. ७ मेला ऑपरेशन सिंदूर. १० मेला सरकारी सूत्रांच्या हवाल्याने बातमी आली की यापुढचा कोणताही दहशतवादी हल्ला भारताविरुद्धचं युद्ध मानला जाईल. गल्लीत लोकांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. रात्री जेवताना घास अडकला. युद्ध? उठून फाइल काढली.

दहशतवादाच्या क्लॉजमध्येच, वगळलेल्या बाबींत, स्वच्छ लिहिलंय: युद्ध, आक्रमण, युद्धसदृश कारवाया, ‘युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो’, आणि सार्वभौम सरकारांची शत्रुत्वाची कृत्यं. मला एवढंच विचारायचं होतं की उद्या कबुतरखान्याशी पुन्हा काही झालं आणि दिल्लीने त्याला युद्ध म्हटलं, तर माझी काच कुठल्या खात्यात?

हेल्पलाइनवर अकरा मिनिटं सतार ऐकली. मग एक मुलगा म्हणाला, “सर, तुमचा क्लेम नंबर सांगा.” म्हटलं, क्लेम नाही, प्रश्न आहे. “सर, प्रश्नासाठी ईमेल करा.” ईमेल केला. सोळा दिवसांनी उत्तर आलं. माझ्याच पॉलिसीतला तोच परिच्छेद कापून चिकटवला होता, खाली ‘आपल्या समाधानातच आमचं समाधान’. एक तारा तिथे गेला.

आता आमच्या एजंटताई. फोर्टातल्या सरकारी विमा कंपनीत क्लेम विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यात. शनिवारी दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, पुढारी काय बोलतात त्यावर क्लेम ठरत नाही. काच कोणी फोडली, त्यावर ठरतो.”

मग त्यांनी मला एक खटला सांगितला. सप्टेंबर १९७० मध्ये पॅलेस्टिनी गटाने पॅन अॅमचं जंबो विमान पळवलं आणि प्रवासी उतरवून कैरोला उडवून दिलं. साध्या विम्याच्या कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध आहे, आम्ही देणार नाही. १९७४ मध्ये अमेरिकी अपील कोर्टाने सांगितलं की युद्ध हे सरकारांमध्ये होतं, निदान सरकारासारखं वागणाऱ्यांमध्ये. हजारो मैल दूर नागरी विमान उडवणारी टोळी त्यात बसत नाही. पैसे द्यावे लागले. २००१ च्या हल्ल्यानंतरही अमेरिकेचे अध्यक्ष ‘युद्ध’ म्हणत राहिले, नाटोने ‘एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा’ हे कलम ५ पहिल्यांदाच लावलं, पण अमेरिकी काँग्रेसने युद्ध जाहीर केलं नाही, फक्त बळ वापरायची परवानगी दिली. ताईंच्या मते हा फरक फार मोलाचा. पुढच्या वर्षी तिथे दहशतवाद विम्याचा कायदा झाला, त्यात लिहिलंच आहे की काँग्रेसने जाहीर केलेल्या युद्धातलं कृत्य या कायद्यात बसणार नाही, अपवाद कामगारांच्या भरपाईचा. त्यावर सही झाली ती तारीख २६ नोव्हेंबर २००२. मुंबईकराला ती तारीख ऐकून कसंसंच होतं.

“आणि आपल्याकडे?” मी विचारलं.

“आपल्याकडे कारगिललाही युद्ध जाहीर नव्हतं केलं. कारण जाहीर केलं की नुसता विमा नाही अडकत, भाऊ. तटस्थ देश, त्यांची जहाजं, वकिलाती, सगळ्यांचे नियम बदलतात.” १९७१ मध्ये भारत-पाकिस्तानचे राजनैतिक संबंध तुटले, तेव्हा दोघांच्या वतीने काम पाहायला स्वित्झर्लंडला मध्ये यावं लागलं होतं. पहलगामनंतर सिंधू करार स्थगित झाला, अटारी बंद झालं, दोन्ही उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आली. पण उच्चायुक्तालयं उघडी राहिली. म्हणजे बोलण्यात युद्ध, कागदावर नाही. दुकानदार म्हणून मला ते कळतं. आम्हीही उधारी बंद म्हणतो आणि वही उघडी ठेवतो.

खरी खोच पुढे आहे. हल्लेखोर टोळीचे असतील तर माझी बाजू भक्कम. अपवादात बसतं हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने अनेकदा म्हटलंय. पण आपलं सरकार जगाला सांगणार की यामागे पाकिस्तान आहे. ते खरं ठरवण्यात सरकारचं यश, आणि नेमकं तेच ‘सार्वभौम सरकारचं शत्रुत्वाचं कृत्य’ या ओळीला खाद्य. क्षेपणास्त्र किंवा ड्रोन येऊन पडला, तर मग वादच नको, विमा नाही. ताईंनीही तिथे मान हलवली. “तिथे सरकारच लागतं,” म्हणाल्या. १९६२ आणि १९७१ मध्ये सरकारने मालाच्या युद्धजोखमीसाठी स्वतःच विम्याचे कायदे केले होते. त्याच्याही आधी, १४ एप्रिल १९४४ ला फोर्ट स्टिकिन जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलं, तेव्हा लोकांना जपानी आले असं वाटलं होतं. होता आपलाच दारूगोळा आणि आपलाच कापूस. भरपाईसाठी खास वटहुकूम काढावा लागला.

जाता जाता एक आयातवाल्यांसाठी. आमचं बीडिंग, म्हणजे फ्रेमांच्या पट्ट्या, चीनहून न्हावाशेव्याला येतं. मस्जिद बंदरच्या आमच्या व्यापाऱ्याला वाटत होतं, मरीनमध्ये, म्हणजे जहाजाने येणाऱ्या मालाच्या विम्यात, युद्धाचं कव्हर घेतलं की गोदामापर्यंत निश्चिंती. तसं नाही. ते माल जहाजावर असेपर्यंतच चालतं.

तर हिशेब असा. काचेचा क्लेम नीट दिला, दोन तारे. दहशतवादाचं कव्हर स्वस्त आहे, घ्याच, अर्धा तारा. अर्धा ताईंचा, जो खरं तर कंपनीचा नाहीच. एक हेल्पलाइनने घालवला. एक ‘जाहीर झालेलं असो वा नसो’ या पाच शब्दांसाठी कापला, कारण ते कोण ठरवणार हे पूर्ण कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

ऑगस्टमध्ये रिन्यूअल भरलं. प्रीमियम साडेसातशेने वाढला होता. कारण विचारायला फोन लावला, सतारच लागली.