केळीसाठी कंद की टिश्यू कल्चर? रोगाचा धोका धरून हिशेब

इंदापूर भागात, उजनीच्या काठाला ऊस मोडून केळी धरणाऱ्याचं गणित पहिल्यांदा रोपावरच अडतं. ओळखीच्याच्या बागेतले कंद स्वस्तात मिळतात, टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं रोप त्याच्या कितीतरी पट महाग. सहा बाय पाच फुटांवर एकरी १४५२ रोपं बसतात, त्यामुळे तो फरक खिशाला जाणवतो. पण कंदाबरोबर रानात काय येतं, त्याची किंमत या हिशेबात कुणी धरत नाही.

सगळ्यात मोठी धास्ती पनामा मर या बुरशीजन्य रोगाच्या टीआर-४ या प्रकाराची. जुन्या पनामा मर रोगाला केळीचा कॅव्हेंडिश गट दाद देत नव्हता, म्हणून आपण त्यातल्या ग्रँड नैन वाणाच्या भरवशावर निर्धास्त राहिलो. टीआर-४ नेमका त्याच गटाला धरतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशानंतर गुजरात, मध्य प्रदेशातही त्याची नोंद झाली आहे. बुरशी एकदा मातीत शिरली की कित्येक दशकं तिथे टिकते, आणि कुठलंही औषध मुळाशी ओतून रान पूर्ण साफ होत नाही.

आता कंद. ‘कापून बघितला, आत पांढराशुभ्र होता’ हे वाक्य मला पटत नाही. तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या तर कंद नक्कीच फेकायचा, पण लागण ताजी असेल तर रेषा दिसतच नाहीत. बुरशीनाशकात बुडवल्याने वरचं धुतलं जातं, आतलं नाही. शिवाय सूत्रकृमी, सोंडकिडा आणि शेंड्याला पानांचा झुपका करणाऱ्या बंची टॉप रोगाचा विषाणूही कंदातून येतो. स्वतःच्याच निरोगी बागेतला कंद स्वतःच्याच रानात लावणार असाल, तर एकवेळ चालेल. बाहेरगावचा मात्र फुकट मिळाला तरी नको.

टिश्यू कल्चरचं रोप बाटलीत असेपर्यंत माती, बुरशी आणि किडीपासून दूर असतं. विषाणूचं तसं नाही. मातृवृक्षच तपासलेला नसेल, तर एका रोगट झाडाची हजारो रोगट रोपं तयार होतात. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासूनची प्रमाणन व्यवस्था पाहा, आणि प्रमाणपत्र आपल्याच बॅचचं आहे ना, तेही तपासा.

खरी मेख हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाटलीतलं रोप बाहेरच्या हवेला सरावण्यात आहे. बाटलीतलं रोप गावाजवळच्या नर्सरीत पिशवीत येतं, आणि त्या पिशवीत कुठली माती भरली हे सहसा कुणी विचारत नाही. बुकिंग करण्याआधी नर्सरीत स्वतः जा. पिशवीत कोकोपीट आहे की केळीच्या जुन्या रानातली माती, रोपं जमिनीवर आहेत की उंचावर, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आणि रोप निरोगी म्हणजे रोगाला दाद न देणारं, असं नाही. संशयित रानात दोन्ही पर्याय बाद. तिथे केळीच नको.

रोप कुठलंही घ्या, फाटकाशी शिस्त तीच. काढणीच्या टोळीचे कोयते, भाड्याचा रोटाव्हेटर, गाडीच्या चाकांचा चिखल, सगळं आधी घासून धुवायचं आणि मगच जंतुनाशक मारायचं. चिखलावर ओतलेलं औषध वाया जातं. खालची पानं कडेने पिवळी पडून देठात मोडली आणि बुंधा उभा चिरला, तर त्या झाडाचा तुकडा पिशवीत घालून गावभर दाखवत फिरू नका. झाड जागेवरच ठेवून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राला आधी फोन करा.